चंद्रकोरीचा शिक्का

"गेला तो चाकू, साहेब," कासमभाई म्हणाला. "तासापूर्वीच गेला."

बाजाराच्या कडेला, गुरांच्या हौदाजवळ तो पोतं अंथरून बसत असे. मोडके कंदील, सायकलच्या चेनी, बिनकिल्ल्यांची कुलपं असला त्याचा माल. मागच्या बाजाराला त्यानंच मला निरोप धाडला होता, शिंगाच्या मुठीचा, चंद्रकोरीचा शिक्का असलेला घडीचा चाकू हाताशी येतोय, सोमवारी या. मी रजा टाकून पंचवीस किलोमीटर सायकल मारत आलो होतो.

"ठेवून देतो म्हणाला होतात ना?"

"ठेवला होता की. पेटीत, फडक्याखाली. त्यानं पेटी उघडायला लावली. म्हणाला, आहे तुझ्याकडे, मला माहीत आहे. आणि समोर बसूनच राहिला. उठेचना. गिऱ्हाईक फिरकेना माझ्याकडे."

"तोच म्हातारा?"

"तोच. पांढऱ्या मिशा, डाव्या हाताची करंगळी नाही."

ही चौथी वेळ होती. दोन वर्षांत चार ठिकाणी मी त्या शिक्क्याच्या चाकूचा माग काढत गेलो होतो आणि चारही ठिकाणी करंगळी नसलेला म्हातारा माझ्या आधी येऊन गेला होता.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि माण तालुक्यात भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. लोक 'मोजणीवाले साहेब' म्हणत. साखळी, मोजणीचं टेबल आणि नकाशा घेऊन गावोगाव फिरायचं, बांधाच्या भांडणात उभं राहायचं, हे काम. फिरता फिरता मला चाकूंचा नाद लागला. धनगराचा लोकर कापायचा, पानवाल्याचा, कलमं बांधणाऱ्याचा, बामणाघरच्या बोरूला टोक करायचा. प्रत्येक गावच्या लोहाराचा हात वेगळा, घडी वेगळी. मी मोजणी संपली की विचारायचो, घरात जुना चाकू आहे का? एक्केचाळीस जमले होते. काचेच्या कपाटात, तेलाचं बोट फिरवून, खाली गावाचं नाव लिहून मी ते मांडून ठेवले होते. वापरत एकही नव्हतो. पेन्सिलीला टोक करायला खिशात दाढीचं पातं असायचं. माझी बायको कुमुद म्हणायची, "पाहुण्यांना कपबशा दाखवतात लोक. आपल्याकडे चाकू."

त्या एक्केचाळिसांत एकच चंद्रकोरीचा होता. दगडू नावाच्या एका म्हाताऱ्या धनगरानं दिलेला. मूठ म्हशीच्या शिंगाची, काळी, आत मधासारखी छटा. पातं चार बोटांचं. पात्याच्या बुडाशी शिक्का: एक चंद्रकोर, दोन बाजूंना दोन टिंबं. उघडताना एकदा आणि मिटताना एकदा असा स्वच्छ 'खट्' आवाज यायचा की बाकीचे चाळीस त्याच्यापुढे पत्र्याचे वाटायचे. त्या हाताचे आणखी चाकू मला हवे होते. असा कुणी आहे जो माझ्याइतकाच त्यांच्या मागे आहे, याचा मला रागही होता आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही.

"कुठल्या वाटेनं गेला?" मी विचारलं.

"कुरणवाडीची वाट. चालत गेलाय, गाठाल."

मी त्याला वाटेत गाठला नाही. कुरणवाडीच्या अलीकडे, ओढ्याच्या काठी एक छपराचं दुकान दिसलं. भाता चालल्याचा आवाज येत होता. सायकल बाभळीला टेकवून मी आत गेलो. पांढऱ्या मिशांचा म्हातारा ऐरणीपुढे उकिडवा बसला होता. त्यानं चाकूच्या मुठीतला खिळा ठोकून बाहेर काढला, शिंगाचे दोन्ही तुकडे बाजूला टाकले, पातं सांडशीत धरलं आणि निखाऱ्यात खुपसलं.

"अहो, हे काय करताय!" मी ओरडलोच.

त्यानं मान वळवली. घाबरला नाही की चिडला नाही. "पत्रीचं खिळं," तो म्हणाला. "बैलाच्या खुराला पत्री ठोकाया खिळं लागत्यात."

"त्या चाकूचे खिळे? तुम्हाला कळतंय का तो कसला चाकू आहे?"

"मला न्हाई कळणार तर कुणाला कळणार, सायेब? म्याच केलाय."

पातं लाल झालं. त्यानं ते ऐरणीवर घेतलं आणि पहिला घाव बरोबर शिक्क्यावर घातला. चंद्रकोर पसरली, टिंबं गेली. मी बघत राहिलो. दोन वर्षं ज्याचा हात शोधत होतो, तोच हात माझ्यासमोर ते पुसत होता.

"तुम्ही मोजणीवालं," तो काम न थांबवता म्हणाला. "तुमच्याकडं एक हाय. दगडू धनगराचा. मी त्याच्याकडं गेलो तवा तो म्हणाला, सायेब घिऊन गेलं. तो मला पायजे."

"मोडायला?"

"व्हय."

"नाही देणार."

त्यानं खिळ्याचं टोक काढलं, पाण्यात बुडवलं, चर्र आवाज झाला. "बरं," म्हणाला, आणि पुढच्या घावाला लागला.

मला वाटलं संपलं. पण पुढच्या सोमवारी सकाळी कचेरीत पोचलो तर दाजीबा पोपळघट (नाव मला कासमभाईकडून कळलं होतं) समोरच्या लिंबाखाली बसलेला. डोक्याला पटका, पुढ्यात काठी. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं रामराम घातला. आत आला नाही, काही मागितलं नाही. पाचला कचेरी सुटली तेव्हा उठला आणि चालायला लागला.

त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा. कचेरीतले लोक हसायला लागले. "देवळेकर, तुमचा सावकार आलाय बरं का," असं शिरस्तेदार म्हणायचे. कुमुदला हे कळलं तशी तिनं दुपारी माझ्या डब्याबरोबर त्याच्यासाठी वेगळी भाकरी बांधून दिली. त्यानं ती घेतली, खाल्ली, फडकं घडी करून परत दिलं.

"देऊन टाक की त्याला," ती रात्रीच्या जेवणाला म्हणाली. "चाळीस उरतील."

"तो वितळवणार आहे, कुमुद. इतका चांगला हात मी दुसरा बघितला नाही. आणि तो स्वतःच..."

"मग विचार ना त्याला का ते. मोजणीला गेल्यावर दोन्हीकडच्यांना विचारतोस. इथं एकाचंही विचारलं नाहीस."

तिसऱ्या सोमवारी मी दुपारी बाहेर गेलो आणि त्याच्या शेजारी लिंबाच्या मुळीवर बसलो. "दाजीबा, आज सांगा. कारण पटलं तर विचार करीन. नाही पटलं तर तुम्ही वर्षभर बसलात तरी देणार नाही."

त्यानं काठीनं मातीत दोन रेघा ओढल्या. मग बोलला.

"शिक्क्याचं म्या बत्तीस केलं. नुसतं चाकू लई केलं, पण मनासारखा उतरला की मगच शिक्का. एकेकाचं नाव मला पाठ हाय, कुणाला दिला ते. तीन गावं सोडून पलीकडं माझं गाव, तिथं असताना केलं. शेवटचं दोन एकाच दिवशी दिलं. एक माझ्या पुतण्याला, रघूला. एक त्याच्या जोडीदाराला, म्हादू शेळक्याला. दोघं एकाच तालमीत. एकवीस-बावीसचं वय. माझ्या दुकानात दोघं दोन-दोन तास भाता वढायची, त्याचं बक्षीस म्हणून दिलं."

तो थांबला.

"जत्रंत फडावर दोघांची कुस्ती लागली. म्हादूनं रघूला चीत केला. लोक हसलं असतील, काय बोललं असतील. तासाभरानं विहिरीपाशी दोघांची गाठ पडली. म्हादू जागीच गेला."

लिंबावरून एक कावळा उडाला, एवढंच काय ते हललं.

"कोर्टात मला बोलावलं. चाकू दाखवला. वकिलानं इचारलं, शिक्का तुमचाच का? म्या म्हणालो, व्हय, माझाच. एवढंच इचारलं आन् जा म्हणालं. रघूला जन्मठेप लागली. म्या त्याला भेटायला गेलो तवा तो रडत म्हणाला, काका, त्यानं आधी काढला. त्यानं काढला म्हणून म्या काढला." दाजीबानं काठी खाली ठेवली. "म्हणजे दोन्ही माझंच. एकमेकावर उघडलेलं. त्या दिसापासनं म्या चाकू केला न्हाई. गाव सोडलं. बत्तीस गोळा करायचं ठरवलं. एक कोर्टानं ठेवला. एकोणतीस मिळालं, त्यांचं खिळं केलं. दोन ऱ्हायलं. एक तुमचा."

"आणि दुसरा?"

"म्हादूचा. त्याच्या आईकडं हाय. गऊबाईकडं."

"तिच्याकडे मागितला?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला प्रश्न विचारल्याची लाज वाटली. "कुठल्या तोंडानं मागू? अकरा वर्सं झाली, तिच्या वाटेला म्या गेलो न्हाई. दिवाळीनंतर रघू सुटतोय, सायेब. चांगल्या वागणुकीवर. तो भाईर यायच्या आत माझा एक बी चाकू भाईर नसावा, एवढंच माझं."

मी मोजणीवाला माणूस. दोन बाजूंनी दोन बांध दाखवले की तिसरी काहीतरी खूण शोधायची आमची सवय. मी म्हटलं, "मी जातो तिच्याकडे. तिनं तिचा दिला तर मीही माझा देईन. मुकाट्यानं."

"आन् न्हाई दिला तर?"

"तर तुम्ही माझा मागायचा नाही."

दाजीबानं उठून पटका सारखा केला. "बरं," म्हणाला.

गऊबाईचं घर दाजीबाच्या जुन्या गावाबाहेर मळ्यात होतं. डाळिंबाची बाग, नवीनच लावलेली, पण पहिली फळं धरलेली. ती बांधावर बसून डाळिंबं निवडत होती. साठीच्या आतबाहेर वय, कपाळ मोकळं, आवाज मोठा. मी नाव सांगितलं, खातं सांगितलं.

"मोजणी कुणी मागितली?" ती एकदम सावध झाली. "आमचा वाद न्हाई कुणाशी."

"मोजणीला नाही आलो. दाजीबा पोपळघटांच्या कामासाठी आलोय."

तिचा हात थांबला. मग तिनं कमरेची चंची सोडली, सुपारीच्या कप्प्यातून एक चाकू काढला, अंगठ्याच्या नखानं उघडला. खट्. तोच आवाज. तिनं एक डाळिंब घेतलं, वरचा मुकुट गोल कापून काढला, सालीवरच्या उंचवट्यांवरून पाच चिरा दिल्या आणि फळ हातानं उकललं. एक दाणा न फुटता पाकळ्या वेगळ्या झाल्या. त्या तिनं माझ्या हातात दिल्या.

"खा. मग बोला."

मी खाल्लं आणि सगळं सांगितलं. बत्तीस चाकू, एकोणतिसांचे खिळे, माझा एक, तिचा एक, दिवाळीनंतर सुटणारा रघू. ती ऐकत राहिली. रघूचं नाव आलं तेव्हा तिनं पातं लुगड्याच्या पदराला पुसलं, एवढंच.

"म्हंजे भावजींनी तुम्हाला माझा चाकू मागायला धाडलं."

"मी आपणहून आलो."

"न्हाई देणार."

"मावशी, त्यांच्या मनाला..."

"त्यांच्या मनाचं म्या काय करू? ते सगळं वितळवाया निघालेत. आन् माझं काय?" तिनं चाकू मिटून मुठीत घेतला. "अकरा वर्सं ह्यो माझ्या कमरंला हाय. सुपारी ह्यानंच, भाजी ह्यानंच, शेळीच्या पिल्लाची नाळ बी ह्यानंच कापलीया. का म्हाईत हाय? त्या दिशी ह्यो माझ्या म्हादूच्या खिशात व्हता. आन् त्यानं काढला न्हाई."

दाजीबा म्हणाला होता, दोन्ही एकमेकांवर उघडलेले.

"काढला नाही? पण रघू म्हणतो की..."

"रघू काय म्हणतो ते मला नगा सांगू." ती उठून घरात गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. आतून एक घड्या पडून झिजलेला कागद काढला. "कोर्टानं चाकू परत दिला, त्याच्यासंगं ह्यो कागद दिला. तवाच्या पोलीस पाटलानं एकदा वाचून दाखवला व्हता. ते वारले. तवापासनं कुणाला दाखवला न्हाई. तुम्ही सरकारी मानूस. वाचा."

पंचनाम्याची नक्कल होती. निळी शाई फिकी झालेली, पण अक्षर सरकारी, वाचता येण्याजोगं. मी तिसऱ्या परिच्छेदाशी आलो आणि मोठ्यानं वाचलं:

"मयताचे बंडीचे आतील खिशात, गाठ मारलेल्या रुमालात गुंडाळलेला, मिटलेल्या स्थितीत एक चाकू मिळून आला. रुमालाची गाठ सुटलेली नव्हती."

"पुन्हा," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.

"माझ्या पोराच्या खिशात हत्यार व्हतं आन् त्यानं गाठ बी सोडली न्हाई," गऊबाई म्हणाली. तिचा आवाज मोठाच होता, पण आता त्याला धार नव्हती. "ह्यो चाकू वितळला तर हे कुणाला सांगू म्या? कागद माझ्या हयातीत फाटंल. लोखंड ऱ्हातं."

मी नक्कल घडी करून तिच्यापुढे धरली. तिनं घेतली नाही.

"तुमचा कुठं हाय?" तिनं विचारलं.

"घरी. कपाटात."

"कपाटात?" तिला खरंच नवल वाटलं. "मग काय उपेग त्याचा? चाकू खिशात असावा आन् मानसानं शहाणपणानं ऱ्हावं. कपाटात काय, कुणी बी शहाणा ऱ्हातोय."

मग तिनं अंगणातल्या खुंटीवरची पिशवी घेतली, त्यात चार डाळिंबं घातली आणि म्हणाली, "उद्या येरवाळी या. मला त्यांच्याकडं न्या. चाकू बोथट झालाय, धार लावून घ्यायची हाय."

"दाजीबांकडून?"

"मग दुसऱ्या कुणाकडनं? त्यांनीच केलाय."

त्या संध्याकाळी मी घरी आलो आणि कपाट उघडलं. चंद्रकोरीचा चाकू काढला, खालची चिठ्ठी फाडून टाकली. कुमुद दारात उभी होती. "दिला का तिनं?" तिनं विचारलं. मी नकारार्थी मान हलवली आणि चाकू पँटच्या खिशात टाकला. रात्रभर झोपेत कूस बदलताना तो खुर्चीवरच्या पँटमध्ये आहे हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं आम्ही कुरणवाडीच्या फाट्यावर उतरलो. गऊबाई पुढे, मी मागे. ओढा ओलांडताना तिनं एकदाही थांबून श्वास घेतला नाही. छपराच्या दाराशी पोचलो तेव्हा दाजीबा भाता फुंकत होता. त्यानं आधी मला बघितलं. मग तिला. भात्याची दोरी हातातून सुटली.

"वयनी," तो म्हणाला. उठायला गेला. ऐरणीला धरून अर्धवट उभा राहिला.

"बसा, भावजी. बसूनच ऐका." ती दाराच्या उंबऱ्याशीच थांबली. "हे मोजणीवालं वाचून दाखवत्यात ते ऐका. मग मला काय करायचं ते मी सांगते."

मी नक्कल काढली. हातातला कागद इतका हलका होता तरी मला तो धरणं जड गेलं. हजार बांधांवर मी नकाशे वाचले असतील, पण कुणाच्या आयुष्यावरची खूण मी आधी कधी वाचली नव्हती. मी तारीख वाचली, पंचांची नावं वाचली, विहिरीची जागा वाचली. मग ते वाक्य. 'मिटलेल्या स्थितीत' म्हणताना दाजीबाचं तोंड उघडं राहिलं. 'रुमालाची गाठ सुटलेली नव्हती' म्हटलं, तेव्हा तो खाली बसला.

भट्टीतले निखारे आपोआप काळे होत गेले.

"रघू म्हणाला..." दाजीबानं सुरुवात केली आणि थांबला. मग माझ्याकडे वळला. "सरकारी हाय नं हे? शिक्का हाय?"

"आहे. सही आहे, दोन पंच आहेत."

"अकरा वर्सं..." त्यानं दोन्ही हात तोंडावरून फिरवले. "अकरा वर्सं म्या म्हादूला बी दोषी धरला, वयनी. मनात. म्हणलं, दोघं सारखीच. त्याचा चाकू उघडा हाय माझ्या डोळ्यांपुढं. रोज."

"म्हणूनच आले," गऊबाई म्हणाली. "एरवी आले नसते." तिनं चंचीतून चाकू काढला आणि पुढे येऊन ऐरणीवर ठेवला. मिटलेला. "हा वितळवायचा न्हाई. ह्याला धार लावा."

दाजीबा त्याला हात लावेना. त्याची चार बोटांची डावी मूठ मांडीवरच राहिली. तिनं वाट बघितली. मीही बघितली. मग त्यानं हात पुढे केला आणि चाकू उचलला, अंगठा नखाच्या खाचेत घातला आणि उघडला. त्यानं पात्यावरून, शिक्क्यावरून, घासून घासून गुळगुळीत झालेल्या मुठीवरून बोट फिरवलं.

"चांगला वापरलाय," तो म्हणाला. कारागिराचा आवाज होता तो.

"रोज."

"मुठीला त्याल देत जा. शिंग सुकतं."

मग त्यानं कोनाड्यातून निसण्याचा दगड काढला, पाण्यानं भिजवला आणि कामाला लागला. एक बाजू, मग दुसरी. घासण्याचा आवाज सारखा, न चुकणारा. मध्येच उजेडात धरून बघायचा, पुन्हा लावायचा. अर्धा तास तरी गेला असेल. गऊबाई उंबऱ्यावर बसली. कुणी पाणीसुद्धा मागितलं नाही. शेवटी त्यानं मनगटावरचे दोन केस पात्यानं अलगद उतरवले, पातं पुसलं, चाकू मिटला आणि मूठ तिच्याकडे करून दोन्ही हातांनी दिला.

ती घ्यायला वाकली तेव्हा तो म्हणाला, "वयनी, रघू सुटल्यावर गावात येईल. त्यानं तुमच्या समोर येऊ नये, एवढं म्या बघीन."

"येऊ द्या," ती म्हणाली. "म्या काय त्याच्यासारखी हाय?" आणि चाकू चंचीत टाकून ती ओढ्याकडे चालायला लागली.

मी खिशातून माझा चाकू काढला. "दाजीबा, करार होता. तिनं दिला नाही, म्हणून तुम्हाला मागता येणार नाही. पण मी आज आणलाय. तुम्हाला हवा असला तर घ्या."

त्यानं तो हातात घेतला, उघडला, मिटवला. परत केला. "ठिवा. दगडूनं तो वीस वर्सं जपला. तुम्ही बी जपा. पण खिशात."

तेव्हापासून चाळीस वर्षं झाली. खिशात रोज एक चाकू असतो, एक्केचाळिसांतला कुठला तरी. फळ कापतो, सुतळी तोडतो, पेन्सिलीला टोक करतो. तो नसला तर मला कपडे अर्धवट घातल्यासारखे वाटतात. गऊबाई नव्वदीपर्यंत जगली. तिचा चाकू आता तिच्या मुलीच्या सुनेकडे आहे. दाजीबानं पुढे चाकू केला नाही. विळे, खुरपी करत राहिला. पण मोडलाही नाही.

त्या सकाळी मी गऊबाईमागे निघालो, तसं त्यानं मला हाक मारली.

"सायेब, तुमच्याकडं कोरा कागद हाय?"

होता. मोजणीच्या पिशवीत नेहमी असे. मी काढला.

"ते वाक्य ल्ह्या त्याच्यावर. रुमालाचं. एवढंच, बाकी काय नगं. मोठ्या अक्षरात."

मी ऐरणीवर कागद ठेवला आणि एकेक अक्षर ठळक काढत लिहिलं. बंडीचे आतील खिशात. मिटलेल्या स्थितीत. रुमालाची गाठ सुटलेली नव्हती. लिहून झाल्यावर त्यानं कागद घेतला, फुंकर मारून शाई वाळवली, चौघडी करून पटक्याच्या आत खोचला.

"कुणाला दाखवायचाय हा?" मी विचारलं.

"परवा तुरुंगात भेटीचा दिवस हाय," दाजीबा म्हणाला. "मला वाचता येत न्हाई. रघूला येतं."